भर समुद्रातल्या एवढ्याशा बेटावर क्रूझ जहाज थांबतं, तेव्हा नेमकं काय होतं?

नकाशावर हवाईपासून सरळ खाली, विषुववृत्ताच्या थोडं अलीकडे, निळ्या रंगात दोन-चार ठिपके दिसतात. त्यातला एक टॅबुआएरान, म्हणजेच फॅनिंग बेट. ते किरिबाटी या देशात येतं. देशाची राजधानी तारावा तिथून पश्चिमेला ३,००० किलोमीटरहून लांब, तर होनोलुलू उत्तरेला सुमारे १,९०० किलोमीटरवर. वस्ती साधारण दोन हजार. मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. तरीही २००१च्या अखेरीपासून काही वर्षं, दोन हजारांच्या वर प्रवासी नेणारं 'नॉर्वेजियन स्टार' हे जहाज जवळपास दर आठवड्याला या बेटासमोर येऊन उभं राहत होतं. आजही हवाईच्या लांब सफरींच्या वेळापत्रकात या बेटाचं नाव अधूनमधून दिसतं.

पांढरं अजस्र जहाज, समोर नारळाची रांग आणि मधे ये-जा करणाऱ्या नारिंगी होड्या, असा फोटो पाहिला की हमखास दोन प्रश्न पडतात. एवढ्या लांब कशाला जायचं? आणि त्या गावाचं पुढे काय होतं? पहिल्याचं उत्तर बेटावर सापडत नाही. ते वॉशिंग्टनमध्ये सापडतं.

तिथंच का? १८८६ च्या एका कायद्यामुळे

अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन मालकीचं आणि अमेरिकन झेंड्याचं हवं, असं अमेरिकेचा १८८६ चा प्रवासी जहाज कायदा सांगतो. (बातम्यांत याच्या जागी सर्रास 'जोन्स कायदा' असं छापून येतं. तो १९२० चा आणि मालवाहतुकीचा, हा वेगळा.) आता मोठी क्रूझ जहाजं बहुतेक सगळी फिनलंड, जर्मनी, इटली, फ्रान्समध्ये बांधली जातात आणि बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदवली जातात. म्हणजे होनोलुलूहून निघून हवाईची चार बेटं दाखवून होनोलुलूलाच परतायचं, हेसुद्धा त्यांना करता येत नाही. मधे एखादं परदेशी ठिकाण घेतलं तर मात्र चालतं.

अलास्काच्या सफरींना यासाठी कॅनडा शेजारीच आहे. हवाईला शेजारीच नाही. दक्षिणेला पामायरा लागतं, पण ते अमेरिकेचंच. त्याच्या पुढे किरिबाटीची बेटं सुरू होतात. २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वेगानं होनोलुलूहून फॅनिंगला जायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, परतीला तेवढाच. चार-सहा तासांच्या थांब्यासाठी चार दिवसांचं इंधन जाळायचं, हे कायदा माहीत नसेल तर वेडेपणाचंच वाटेल.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. २००३ मध्ये अमेरिकेनं 'नॉर्वेजियन स्टार'च्याच कंपनीला काही जहाजं अमेरिकन झेंड्याखाली हवाईत चालवायची खास परवानगी दिली. २००४ पासून ती धावू लागली. त्यांना परदेशी थांब्याची गरजच नव्हती. फॅनिंगला येणाऱ्या जहाजांची नियमित रांग त्यानंतर काही वर्षांत ओसरली. बेटावर कोणी चूक केली नव्हती, किनारा बिघडला नव्हता, नाच वाईट झाला नव्हता. २०२१ मध्ये अलास्कातही असंच घडलं. साथीमुळे कॅनडानं बंदरं बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेनं मे महिन्यात तात्पुरता कायदा करून कॅनडाचा थांबा गाळायला परवानगी दिली.

माझ्या मते या विषयाचं मूळ इथं आहे. जहाज येणार की नाही, हे गाव ठरवत नाही. आलेल्या जहाजातून किती माणसं, कुठून आणि किती वेळ उतरतील, एवढंच ते ठरवू शकतं. पण हे 'एवढंच' थोडं नाही.

जहाज थांबतं म्हणजे कुठं?

नांगर टाकला की जहाज थांबलं, अशी आपली समजूत असते. नांगराची साखळी शॅकलमध्ये मोजतात; एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. मोठ्या जहाजाच्या एका नांगराला साधारण अकरा ते तेरा शॅकल, म्हणजे तीनशे ते साडेतीनशे मीटर साखळी असते. जहाज धरून ठेवतं ते नुसतं नांगराचं वजन नव्हे, तळावर आडव्या पडलेल्या साखळीचं ओझंही. म्हणून खोलीच्या तीन-चार पट तरी साखळी सोडावी लागते. खोली शंभर मीटरच्या पुढे गेली की हे गणित संपलं.

फॅनिंग हे कंकणाकृती प्रवाळबेट आहे: जमिनीची बांगडी आणि मधे उथळ पाण्याचं लगून. अशा बेटांचा बाहेरचा उतार किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर शेकडो मीटर खोल जातो. नांगराला तळ मिळतो तो किनाऱ्याच्या धोकादायक जवळ, आणि तिथं नांगर पडला तर प्रवाळ भरडलं जातं. म्हणून अशा ठिकाणी मोठी जहाजं पुष्कळदा नांगर टाकतच नाहीत. इंजिन आणि थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे, चालू ठेवून जागेवर तरंगत राहतात. इंजिन बंद पडलं तर वारा किनाऱ्याकडे ढकलायच्या आत सावरता यावं, एवढं अंतर कप्तान राखतो. बेटावरून जहाज नेहमी वाटलं होतं त्याहून लांब दिसतं, ते यामुळे.

हा जास्तीचा सावधपणा नाही. दुर्गम पाण्यात मदतही दुर्गमच असते. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या अल्पेफ्योर्डमध्ये 'ओशन एक्सप्लोरर' हे क्रूझ जहाज २०६ जणांसह गाळात रुतलं. तीन दिवसांनी 'ताराजोक' या मासळी-संशोधन जहाजानं ते ओढून काढलं.

शेवटचा एक किलोमीटर

जहाजावरून किनाऱ्यावर माणसं नेणाऱ्या होडीला टेंडर म्हणतात. बहुतेक मोठ्या जहाजांवर ही वेगळी होडी नसते. बाजूला टांगलेल्या बंदिस्त जीवरक्षक नौकांपैकीच काही टेंडर म्हणून वापरतात. एकीत साधारण शंभर-सव्वाशे माणसं बसतात. छोट्या 'एक्स्पिडिशन' जहाजांवर झोडिअॅक असतात, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या. त्यात दहा-बाराच माणसं मावतात, पण धक्का नसला तरी थेट वाळूवर जाता येतं.

हिशेब मांडून पाहू. चार टेंडर, प्रत्येकी शंभर माणसं. भरायला पंधरा मिनिटं, जायला दहा, उतरवायला दहा, परत यायला दहा. एक फेरी पाऊण तासाची. म्हणजे पाऊण तासात चारशे, तासाला सव्वापाचशेच्या आसपास. दोन हजार माणसं उतरवायला पावणेचार तास. तेवढाच वेळ परत चढवायला. बाटली कितीही मोठी असो, उलटी केली की पाणी गळ्याच्या मापानंच पडतं. इथं गळा म्हणजे टेंडर. प्रत्यक्षात सगळे प्रवासी उतरत नाहीत, आणि लवकर उतरलेले दुपारच्या जेवणाला जहाजावर परततात, म्हणून दिवस कसाबसा निभावतो.

खरा धोका होडी चालत असताना नसतो. तो चढण्या-उतरण्याच्या एका पावलात असतो. जहाजाच्या पोटात पाण्यालगत एक दार उघडतं, बाहेर फळी येते. जहाज जवळपास स्थिर असतं, टेंडर मात्र लाटेबरोबर वरखाली होत राहतं. दोन खलाशी दोन्ही बाजूंना उभे असतात. ते प्रवाशाचा तळहात धरत नाहीत, मनगटाच्या वर पकडतात, कारण ओला तळहात निसटतो. होडी वर येऊन फळीच्या पातळीला क्षणभर थांबते, तेव्हा 'आता' म्हणतात. त्याच वेळी पाऊल टाकायचं. हातात पिशवी, मोबाइल, काठी काही नको. होडी खाली जात असताना पाय टाकला तर घोटा मोडतो. वर येत असताना दोन्हींच्या मधे पाय गेला तर त्याहून वाईट. लाट मीटर-सव्वा मीटरच्या पुढे गेली की फेऱ्या थांबवतात.

किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला समुद्र शांत दिसत असताना थांबा रद्द का होतो, याचं उत्तर स्वेल. स्वेल म्हणजे दूरच्या वादळातून निघालेली, वारा नसतानाही येणारी लांब, संथ लाट. वाऱ्यानं उठलेल्या लहान लाटा जहाज आडवं उभं करून अडवता येतात; जहाजाच्या आडोशाला पाणी निवतं. लांब स्वेल जहाजाला वळसा घालून पलीकडे येते. उत्तर पॅसिफिकमधल्या हिवाळी वादळांची स्वेल हजारो किलोमीटर कापून या बेटांपर्यंत पोचते.

त्यात लगूनच्या तोंडाची भर. भरतीला लगूनमध्ये पाणी भरतं, ओहोटीला त्याच अरुंद वाटेनं बाहेर पडतं. ओहोटीचा प्रवाह बाहेर आणि लाट आत अशी टक्कर झाली की तोंडापाशी उभ्या, आखूड, ओबडधोबड लाटा उठतात आणि टेंडर हेलकावे खातं. भरती-ओहोटीच्या मधे पाणी काही वेळ स्थिरावतं, तेव्हा वाट सोपी असते. गावातल्या होडीवाल्याला ही वेळ तोंडपाठ असते. जहाजाचं वेळापत्रक दीड वर्ष आधी छापलेलं असतं. त्यामुळे पहिली होडी सोडण्याआधी गावातल्या माणसाला रेडिओवर विचारणं, हा साधा उपाय पुष्कळ घोटाळे वाचवतो.

मग धक्का का बांधत नाहीत?

तीनशे मीटर लांबीचं, आठ मीटर बूड पाण्याखाली असलेलं जहाज लावायचं तर नुसता धक्का पुरत नाही. लाटा अडवायला बांध, जहाज वळवायला खोल पाणी, ओढायला टग आणि वाट दाखवायला पायलट लागतो. प्रवाळबेटावर याचा अर्थ खडक फोडणं. खडक फोडला की जी लाट बाहेर फुटत होती, ती आत येऊन वाळू नेते. वर्षातून मोजक्या थांब्यांसाठी हा खर्च कोणी करत नाही, आणि करूही नये.

लहान बंदरं बांधली तरी समुद्र ती सुखानं नांदू देत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्याला १९६१ च्या ज्वालामुखीत उतरायचा किनारा लाव्ह्याखाली गेला. त्यामुळे इंग्लंडला गेलेले लोक परतल्यावर १९६० च्या दशकातच तिथं कॅलशॉट बंदर बांधलं. ते छोट्या होड्यांपुरतं आहे. जहाजं अजूनही बाहेरच उभी राहतात, आणि हवा बिघडली की प्रवासी गाव लांबून बघून पुढे जातात.

पाणी, संडास आणि कचरा

प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं त्याच्यावर तरंगत राहतं. हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. अरुंद बेटावर पातळी वीस-पंचवीस सेंटीमीटरच वर असली, तर गोडं पाणी आठ-दहा मीटरच उरलं. विहिरीतून एकदम उपसा केला की खालचं खारं पाणी विहिरीच्या तळाशी उसळून वर येतं. ते परत खाली जायला पाऊस आणि महिने लागतात. संडासाचा खड्डा याच पाण्यात झिरपतो.

म्हणून नियम सोपा: पिण्याचं पाणी जहाजानं आणायचं. जहाज समुद्राच्या पाण्यापासून स्वतःचं गोडं पाणी बनवतंच. प्रवाशांनी संडास जहाजावर उरकून यायचं. किनाऱ्यावरचे तात्पुरते संडास टाकीवाले हवेत आणि टाकी जहाजावर परत जायला हवी. आणलेली प्रत्येक बाटली, डबा, नळी शेवटच्या होडीनं परत.

समुद्रात सोडायच्या घाणीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण त्यात एक फट आहे. कच्चं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, दळून निर्जंतुक केलेलं ३ मैलांपलीकडे सोडता येतं. मंजूर शुद्धीकरण यंत्रातून गेलेलं त्याच्याही आत. प्लास्टिक कुठंच टाकता येत नाही. '१२ मैलांच्या आत काहीही सोडणार नाही', एवढं एक वाक्य कंपनीकडून लेखी घ्यायला गावाचा पैसा लागत नाही.

खोकला होडीतून उतरतो

लहान, एकाकी वस्तीत रोज फिरणारे विषाणू नसतात, त्यामुळे लोकांच्या अंगात त्यांची ताजी ओळखही नसते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा बेटावर याला 'बोटीचा खोकला' म्हणत. होडी आली की काही दिवसांत गाव खोकू लागे. ट्रिस्टन दा कुन्यावर १९६० च्या दशकात डॉक्टरांनी हेच नोंदवलं: सर्दीच्या साथी जहाज येऊन गेल्यावर सुरू होत.

'प्रवाशांना तपासून उतरवा', हा सुचणारा पहिला उपाय अर्धवट आहे. आजारी दिसणारा माणूस थांबवता येतो, उद्या आजारी पडणारा नाही. त्यामुळे तपासणीला जोड लागते: भेट उघड्यावर, घरात आणि शाळेच्या वर्गात नाही, गावातले म्हातारे आणि तान्ही बाळं त्या दिवशी किनाऱ्यापासून लांब, जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ असेल तर ते आदल्या दिवशी कळवणं बंधनकारक. गावात जेमतेम एक दवाखाना असेल तर हे कोणाला जास्त वाटू नये.

बुटांच्या खाचांत बिया आणि खोक्यांत उंदीर हा दुसरा आजार, तोही कायमचा. किनाऱ्यावर आणायचं सामान लाकडी खोक्यांऐवजी झाकणाच्या प्लास्टिक पेट्यांत, आणि बूट होडीत बसायच्या आधी ब्रशनं घासलेले, एवढं तरी हवंच.

पण पैसा येतो ना?

येतो, पण दिसतो त्याहून कमी. प्रवाशाचं जेवण, झोप सगळं जहाजावर आधीच भरलेलं. किनाऱ्यावर तो तीन-चार तास असतो आणि त्यात एखादी शंखांची माळ, विणलेली टोपली, नारळपाणी घेतो. किरिबाटीत चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, त्याच्या खिशात अमेरिकन, तेही वीसच्या नोटा. पाच डॉलरच्या माळेला वीसची नोट आली आणि सुटे नसले की विक्री गेली. जहाजाच्या खजिनदाराकडून आदल्या दिवशी सुट्ट्या नोटांचं पाकीट मागवून ठेवलं तर विक्री वाढते. इतकी साधी गोष्ट, आणि ती बहुतेक जण विसरतात.

भरवशाचा पैसा वस्तूंचा नाही, माणशी शुल्काचा. ते कंपनीकडून, प्रवासी-यादीवरून, उतरण्याआधी घ्यायचं. किनाऱ्यावर डबा फिरवून गोळा केलं तर हिशेब राहत नाही, आणि ते कुणाला शोभतही नाही. नाचणाऱ्यांचे, होडीवाल्यांचे, सफाई करणाऱ्यांचे वाटे जहाज यायच्या आधी ठरलेले बरे. गावात भांडण लागतं ते पाहुण्यांवरून नाही, या वाट्यांवरून.

सेंट किल्डाचा दाखला इथं पुन्हा घ्यावा लागतो. १८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटी पर्यटक आणू लागल्या. लोक ट्वीड, मोजे, पक्ष्यांची अंडी विकू लागले, आणि जगणं हळूहळू बाहेरच्या पैशावर आणि मालावर टेकलं. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेल्या ३६ जणांनी आपणहून बेट सोडलं. पर्यटनानं गाव संपवलं, असं म्हणणं सोपं आहे आणि चूकही. तरुण आधीच निघून जात होते, आजारपणं होती, हिवाळ्यात बेटाचा संपर्क तुटत होता. पण उन्हाळ्यातले पैसे हिवाळ्यात उपयोगी पडत नाहीत, एवढं मात्र त्यातून कळतं.

त्यापेक्षा नाहीच म्हणावं?

ज्याला म्हणायचं त्यानं जरूर म्हणावं. मधला मार्गही आहे, कारण त्या बाटलीचा गळा गावाच्या हातात आहे. अंटार्क्टिकात सफर-कंपन्यांनी स्वतःच पाळायचा नियम असा की एका जागी एका वेळी १०० च्या वर प्रवासी किनाऱ्यावर नसावेत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कुणाला उतरवूच नये. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या संरक्षित भागांत २०२५ पासून २०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजाला बंदी आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात, माउंट डेझर्ट बेटावरच्या बार हार्बरच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवसाला १,००० प्रवासी अशी मर्यादा घातली. माणसं टेंडरनंच उतरतात, त्यामुळे डोकी मोजणं सोपं.

२०१६ मध्ये 'क्रिस्टल सेरेनिटी' हे जहाज सुमारे हजार प्रवासी घेऊन कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या उलुखाकटोकला गेलं. गाव चारशेचं. प्रवासी एकदम न उतरवता गटागटानं आणले गेले. दोन गटांमधलं अंतर सर्वांत महत्त्वाचं: एक गट परतल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. ते सुटलं की सगळं सुटतं.

दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर तर उलटंच होतं. वस्ती पन्नासच्याही आत, उतरायची जागा अवघड. मोठं जहाज आलं की बेटावरचे लोकच आपल्या लांब होड्या घेऊन जहाजाकडे जातात, डेकवर लाकडी कोरीवकाम आणि मध विकतात, बेटाची माहिती सांगतात आणि परततात. गावात एकही पाऊल पडत नाही, पैसा मात्र येतो. मला हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याची नक्कल इतकी कमी का होते, हे कोडं आहे.

आणि जहाज आलंच नाही तर?

येणार म्हणून टोपल्या विणल्या, मासे भाजले, शाळेला सुट्टी दिली, आणि कप्तानानं सकाळी स्वेल पाहून जहाज वळवलं, हे नेहमीचंच आहे. तो निर्णय त्याचाच असावा. गावानं कधी गळ घालू नये. पण तोटा कुणाचा, हे करारात आधी लिहून घेता येतं. प्रवासी-शुल्क उतरलेल्यांवर न लावता जहाजावर असलेल्या सर्वांवर लावायचं. हवामानामुळे रद्द झालं तरी ठरावीक तयारी-खर्च द्यायचा. चोवीस तास आधी कळवलं तर कमी, किनाऱ्यासमोर येऊन वळलं तर पूर्ण. नाशवंत खाणं शक्यतो विकायला ठेवायचंच नाही. टोपल्या पुढच्या जहाजाला चालतात. आणि गावाच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात छापलेल्या थांब्यांतले निम्मेच मोजायचे.